पासपोर्ट कोणाच्या कपाटात?
किवू सरोवराकाठच्या गोमा शहरातील आमची दोन वर्षे

अलीकडे एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. विहारातील सभा आटोपते, चपला शोधण्याची गडबड सुरू होते आणि एखादे गृहस्थ आम्हाला हळूच बाजूला घेतात. "आमच्या मुलाला आफ्रिकेतून नोकरी आली आहे. काँगो की काय म्हणतात. तुम्ही तिकडे होतात ना? पाठवावे का त्याला?"

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर आम्हाला देता येत नाही. म्हणून जे पाहिले आणि जे हातून घडले, ते सगळे जमाखर्चासारखे दोन्ही बाजूंनी मांडावे असे ठरवले. वाचकांनी बेरीज स्वतः करावी.

आम्ही बी.कॉम. झालेले साधे कारकून. ज्या खाजगी कचेरीत अठरा वर्षे खतावण्या लिहिल्या, ती बंद पडली. मुलीचे शिक्षण चालू, घराचे हप्ते चालू. अशा वेळी ओळखीतून गोमा येथील एका भारतीय व्यापाऱ्याच्या घाऊक दुकानात हिशेबनीसाची जागा आली. दोन वर्षांचा करार, पगार डॉलरमध्ये, राहणे-जेवणे मालकाचे. जून २०१९ मध्ये आम्ही निघालो. नकाशावर गोमा कोठे आहे हे आमच्या मुलीने शोधून दाखवले. तोवर आम्हाला ठाऊक नव्हते.

आगीच्या आणि पाण्याच्या मध्ये

गोमा हे काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व टोकाला, उत्तर किवू प्रांताचे मुख्य शहर. वस्ती दहा लाखांच्या वर. दक्षिणेला किवू सरोवर, पूर्वेला रवांडाची सीमा आणि सीमेपलीकडे लागूनच गिसेन्यी हे गाव. विषुववृत्त जवळ असले तरी शहर सुमारे १,५०० मीटर उंचीवर असल्याने हवा महाबळेश्वरसारखी थंड. पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटले, लोक उगाच घाबरवतात. इतकी सुंदर जागा आम्ही जन्मात पाहिली नव्हती.

मग रात्री उत्तरेकडे नजर गेली. ढग लाल दिसत होते. तो न्यिरागोंगो, ३,४७० मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी, शहरापासून जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरवर. १७ जानेवारी २००२ रोजी त्याचा लाव्हा शहराच्या मधोमध वाहत येऊन सरोवराला मिळाला होता. विमानतळाच्या धावपट्टीचा उत्तरेकडील भाग त्याखाली गेला, हजारो घरे गेली, लाखो लोक पळाले. लोक परत आले आणि त्याच थिजलेल्या काळ्या दगडावर त्यांनी पुन्हा घरे बांधली. कुंपणाच्या भिंतीही त्याच दगडाच्या.

सरोवरही साधे नाही. बृहन्मुंबईच्या चौपटीहून मोठे आणि सुमारे ४८० मीटर खोल. तळाशी कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे वायू प्रचंड प्रमाणात विरघळलेले आहेत. सोड्याच्या बाटलीत बूच असते तोवर वायू दबून राहतो, तसा वरच्या पाण्याच्या भाराने तो दबून आहे. १९८६ मध्ये कॅमेरूनमधील न्योस या लहानशा सरोवरातून असा वायू एका रात्रीत बाहेर पडला आणि सुमारे १,७०० माणसे झोपेतच गेली. किवूचा आकार त्याच्या कितीतरी पट. रवांडाने आपल्या बाजूने हा मिथेन उपसून त्यावर वीज काढली आहे. संकटातून सोय कशी करावी याचा हा धडाच म्हणायचा. गोम्याच्या आसपास खोलगट जागी जमिनीतूनही कार्बन डायऑक्साइड साचतो. त्याला तिथे 'मझुकू' म्हणतात. शेळ्या मरतात, कधी खेळणारी मुलेही.

माणसाने केलेल्या संकटांचीही कमी नाही. जुलै १९९४ मध्ये रवांडातील वंशसंहारानंतर काही दिवसांत आठ लाखांवर निर्वासित या शहरात आले आणि कॉलऱ्याने त्यातील हजारो दगावले. नोव्हेंबर २०१२ मध्ये एम-२३ या बंडखोर संघटनेने शहर काही दिवस ताब्यात घेतले होते. आम्ही पोचलो आणि महिन्याभरात, जुलै २०१९ मध्ये, इबोलाचा पहिला रुग्ण गोम्यात सापडला. प्रत्येक दारात क्लोरीनच्या पाण्याची बादली आणि कपाळावर तापमापक. पुढे कोरोना आला तेव्हा गोमेकरांना हात धुण्याचे कोणी शिकवावे लागले नाही.

हेसाबू, पेसा आणि दादा

इतके सगळे असूनही दिवस जात होते, आणि बरेही जात होते. सरोवरावर संध्याकाळी कोळ्यांच्या तीन-तीन होड्या एकत्र बांधून निघत, लांब काठ्या पुढे रोखलेल्या, दिवे लावलेले. ते 'संबाझा' नावाची बोटभर मासळी पकडत. तळलेली संबाझा आणि भात असला की आम्हाला आमच्या बोंबलाची आठवण येई. साबुकंदाच्या पिठाचे 'फुफू' आणि त्याच झाडाच्या पाल्याची 'सोंबे' नावाची भाजी आम्ही आवडीने खाऊ लागलो. माल वाहायला 'चुकुडू' नावाची लाकडी दुचाकी. पेडल नाही, साखळी नाही, उतारावर सोडून द्यायची आणि चढावर ढकलायची. तिच्यावर चार-पाचशे किलो बटाटे नेणारा गडी पाहिला की आपल्याकडील हातगाडीवाले हमाल आठवत.

स्वाहिली भाषेने तर आम्हाला घरच्यासारखे केले. हिशेबाला 'हेसाबू', पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी', चहाला 'चाय'. फजितीही झाली. घरी आम्हाला सगळे 'दादा' म्हणतात असे आम्ही दुकानात मोठ्या अभिमानाने सांगितले, तर सगळे पोट धरून हसले. स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ! त्या दिवसापासून आम्ही सर्वांचे 'काका' झालो. फोनवर हे ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "वय झाले, आता काकाच व्हा."

गुदामाची राखण करणारे एक साठीचे गृहस्थ होते. वडीलधाऱ्यांना तिथे 'म्झे' म्हणतात, आम्हीही तसेच म्हणू लागलो. नाकावर चष्मा, खिशात पेन्सिल, पोत्यांची मोजणी तोंडपाठ. दोन वर्षांत त्यांच्या आकड्यात आणि आमच्या वहीत एका पोत्याचाही फरक आला नाही. डॉलरची नोट कशी पाहावी हेही त्यांनीच शिकवले. तिथे रोजच्या व्यवहारात अमेरिकन डॉलर आणि काँगोचा फ्रँक दोन्ही चालतात. पण डॉलरची नोट किंचित फाटलेली असली किंवा जुन्या सालाची असली तरी कोणी घेत नाही.

परदेशी माणसाचे राहणे मात्र भिंतीआड. हिंबी या सरोवराकडील भागात आमचे घर. उंच भिंत, वर काटेरी तार, फाटकावर राखणदार. अंधार पडल्यावर बाहेर जायचे नाही, शहराबाहेरच्या रस्त्याला लागायचे नाही. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी गोम्याहून रुत्शुरूकडे जाणाऱ्या रस्त्यावर इटलीचे राजदूत लुका अतानासिओ, त्यांचे अंगरक्षक वित्तोरिओ याकोवाच्ची आणि चालक मुस्तफा मिलाम्बो यांची हत्या झाली. जगभर बातमी राजदूतांची झाली. आमच्या दुकानात मात्र सगळे चालकाबद्दल बोलत होते. म्झे म्हणाले, "काका, मोठ्या माणसाबरोबर आमचाही एक जातो. पण त्याचे नाव शेवटी येते." त्या वेळी आम्ही नुसती मान हलवली. अर्थ पुढे तीन महिन्यांनी कळला.

२२ मे २०२१ ची रात्र

आता मुख्य गोष्ट. रुजू झालो त्याच दिवशी व्यवस्थापकांनी आमचा पासपोर्ट मागितला. "इथे चोऱ्या फार. दुकानाच्या तिजोरीत ठेवतो." आम्ही दिला. आपल्याकडे कामगारांच्या सभांत 'सही करण्याआधी कागद वाचा' असे सांगत फिरणारे आम्ही, स्वतःवर वेळ आली तेव्हा एक अक्षर बोललो नाही. नोकरी नवी होती, घरचे हप्ते डोळ्यांसमोर होते.

२२ मे, शनिवार. संध्याकाळी सातच्या सुमारास सगळे आकाश लाल झाले. रोजची लाली नव्हे, भट्टीचे तोंड उघडावे तशी. इशारा कोणताच आला नव्हता. ज्वालामुखीवर नजर ठेवणारी वेधशाळा गोम्यातच आहे. परंतु पैशाअभावी तिचे इंटरनेट कित्येक महिने बंद राहिले होते आणि डोंगरावरील यंत्रांची नोंद नीट मिळत नव्हती, हे नंतर बाहेर आले. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे फार लागते. लाखो लोकांच्या जिवाची राखण आणि अडले ते इंटरनेटच्या बिलावर.

भारतात रात्रीचे साडेदहा वाजले होते. आम्ही घरी फोन लावला. इकडे महाराष्ट्रात कोरोनाची दुसरी लाट, आमच्या सौ. शेजारच्या आजींसाठी ऑक्सिजनचे नळकांडे शोधून नुकत्याच परतल्या होत्या. कोणी कोणाची काळजी करावी? त्या एवढेच म्हणाल्या, "पासपोर्ट घ्या आणि सीमेपलीकडे जा."

पासपोर्ट तिजोरीत. तिजोरी बिरेरे बाजारातील दुकानात. किल्ली व्यवस्थापकांकडे. आणि व्यवस्थापक गाडी घेऊन केव्हाच गिसेन्यीला पोचलेले. त्यांचा फोन लागेना. रवांडाने त्या रात्री सीमा उघडली आणि सुमारे ८,००० लोक पलीकडे गेले. पण हातात एकही कागद नसलेल्या परदेशी माणसाला तिथे कोण काय विचारील या भीतीने आमचे पाय उचलेनात. आमच्यासोबत राहणारा गुजरातचा एक तरुण कारकून तर रडू लागला.

तेवढ्यात फाटकावर थाप पडली. म्झे उभे होते. त्यांचे घर उत्तरेकडे माजेंगो भागात, लाव्हाच्या दिशेला. पत्नी, मुलगी, दोन नातवंडे आणि चुकुडूवर गादी, भांडी, पिवळा पाण्याचा डबा. पश्चिमेला साके गावाकडे निघालेले. आम्हाला पाहून चकित झाले. "काका, तुम्ही अजून इथे?"

"पासपोर्ट नाही."

त्यांनी आमच्याकडे क्षणभर पाहिले. "मग तुम्हीही आमच्यासारखेच. चला."

आम्ही दोघे त्यांच्याबरोबर चालू लागलो. साक्याच्या रस्त्यावर हजारो माणसे होती. डोक्यावर बोचकी, पाठीला मुले, हाताशी शेळ्या. धाकटी नात आमच्या खांद्यावर झोपली. मुगुंगा आले तेव्हा म्झे म्हणाले, "चौऱ्याण्णव साली निर्वासितांची छावणी इथेच होती. आम्ही त्यांना पाणी द्यायला येत होतो." पहाटेपर्यंत आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला बसून होतो. सकाळी बातमी आली, लाव्हा शहराच्या उत्तर सीमेवर बुहेने येथे थांबला, विमानतळ वाचला. सुमारे ३२ माणसे गेली, हजारो घरे गेली, पाण्याची मोठी टाकी निकामी झाली. गर्दीत शेकडो मुलांची आईबापांपासून ताटातूट झाली. आम्ही परतलो.

दुसरे निघणे

सोमवारी व्यवस्थापक आले. आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले, "पासपोर्ट तुमचा नाही आणि खरे तर आमचाही नाही. १९६७ च्या कायद्याप्रमाणे तो भारत सरकारची मालमत्ता आहे. तो आमच्या हाती हवा." कुरकुर झाली, पण दोघांचेही पासपोर्ट मिळाले.

जमीन दिवसरात्र हादरत होती. गुरुवार, २७ मे. पहाटे रेडिओवर लष्करी राज्यपालांचा हुकूम आला. शहराच्या १८ पैकी १० भागांनी ताबडतोब बाहेर पडावे. सुमारे चार लाख माणसे निघाली. या वेळी आमच्या दारात गाडी होती, खिशात पासपोर्ट होता. गाडीत बसणार इतक्यात म्झे गुदामाच्या किल्ल्या द्यायला आले. गाडीत जागा नव्हती. निदान तसे व्यवस्थापक म्हणाले आणि आम्ही वाद घातला नाही. म्झे यांनी किल्ल्या मोजून आमच्या हाती दिल्या, "काका, नीट जा" म्हणाले आणि पायीच साक्याच्या रस्त्याला लागले.

आम्ही त्या रात्री किगालीत स्वच्छ चादरीवर झोपलो. ते कुटुंब साक्यात एका शाळेच्या वर्गात पन्नास माणसांत होते. शनिवारी ज्या रस्त्यावर आम्ही बरोबर चाललो, त्याच रस्त्यावर गुरुवारी ते एकटे होते. फरक फक्त एका निळ्या पुस्तिकेचा.

जूनमध्ये दुकान उघडले. पगारपत्रक आमच्यासमोर आले. बंद दिवसांचा पगार आम्हाला पूर्ण मिळणार होता, कारण आमचा करार महिन्याचा. स्थानिक कामगारांपुढे त्या दिवसांत 'गैरहजर' लिहायचे होते. आम्ही लिहिले. म्झे यांच्या नावापुढेही, आमच्याच अक्षरात. चळवळीत इतकी वर्षे काढलेल्या माणसाच्या हातून हे झाले, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी पत्रक घेऊन आम्ही व्यवस्थापकांकडे गेलो. "सरकारच्या हुकमाने शहर सोडले त्याला गैरहजेरी म्हणत नाहीत. तसे असेल तर आमच्याही नावापुढे लिहा." बरीच बाचाबाची झाली. अखेर सर्वांना निम्मा पगार मिळाला. पूर्ण मिळाला नाही. आमच्या हातून आधीच खाडाखोड झालेले ते पत्रक आजही डोळ्यांसमोर येते. जुलै २०२१ मध्ये करार संपवून आम्ही परतलो.

आजचा हिशेब

त्यानंतर त्या भागात बरेच घडले. जुलै २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेविरुद्ध दंगली झाल्या आणि बुतेम्बो येथे आपल्या सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान कर्तव्यावर असताना मृत्युमुखी पडले. जानेवारी २०२५ च्या अखेरीस एम-२३ ने पुन्हा गोमा घेतले. शेकडो माणसे मेली, विमानतळ आणि बँका बंद झाल्या. आपल्या परराष्ट्र खात्याने त्या वेळी सांगितले की गोम्यात सुमारे १,००० भारतीय होते आणि बहुतेक सुरक्षित ठिकाणी गेले. वाचून बरे वाटले. मग मनात आले, म्झे कोठे गेले असतील?

आठ दिवस फोन लागला नाही. नवव्या दिवशी एकच शब्दाचा निरोप आला, "तुको." म्हणजे 'आहोत'. नंतर बोलणे झाले. गुदाम लुटले गेले होते, पण घरातील सगळे सुखरूप होते. आम्ही थोडे पैसे पाठवू का विचारले. म्हणाले, "बँक उघडू दे, मग पाहू. आधी तुमच्या मुलीचे लग्न झाले का ते सांगा."

म्हणून पाठवावे की नाही विचारणाऱ्या घरांना आमचे सांगणे असे. गरज असेल तर मुलगा जाईल, आम्हीही गेलो होतो. परंतु करार त्याच्या हाती पडल्याशिवाय विमानात बसू देऊ नका. त्यात पगार, सुट्टी, परतीचे तिकीट आणि संकटकाळी बाहेर काढण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी हवे. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात निदान दहा दिवस आधी घ्यावी. तिचे प्रमाणपत्र तिकडे उतरतानाही लागते, भारतात परततानाही. पोचताच किन्शासा येथील भारतीय दूतावासात नाव नोंदवावे. दूतावास गोम्यापासून दीड हजार किलोमीटरवर आहे, पण यादीत नाव असले तर निरोप तरी येतो. एका पिशवीत कागदांच्या प्रती, थोडे चांगल्या नोटांचे डॉलर, औषधे, पाण्याची बाटली आणि विजेरी नेहमी दाराशी ठेवावी. पासपोर्ट मात्र स्वतःजवळ. कोणी कितीही प्रेमाने मागो, पासपोर्टची प्रत द्यावी, पासपोर्ट देऊ नये.

आणि मुलाला आणखी एक सांगा. तिथे त्याच्यासाठी पोती उचलणारा, गाडी चालवणारा, फाटक राखणारा माणूस असेल. संकट दोघांवर सारखेच येईल, पण गाडी एकासाठीच येईल. गाडी आली की आत बसण्याआधी दुसऱ्यासाठी निदान एकदा तोंड उघडावे. आम्ही त्या गुरुवारी उघडले नाही.

गेल्या महिन्यात एक वडील कराराचा कागद घेऊन आमच्या घरी आले. चारही पाने आम्ही वाचली. पगार चांगला होता, तिकीटही होते. आम्ही विचारले, "पासपोर्ट कोणाकडे राहणार?"

"ते विचारलेच नाही," ते म्हणाले.

"मग आधी तेवढे विचारून या. बाकीचे आपण नंतर बोलू."